एक जानेवारीपर्यंत उभं घर

८ नोव्हेंबर
घर पाडायचं ठरलं! मासाहिरोनं जेवताना सांगितलं, जुनी सायकल मोडीत काढावी तसं. इचिकावातलं त्याच्या आईचं घर. ओकासान, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या वर्षापासून वृद्धाश्रमात, घर तेव्हापासून बंद. तिथला खर्च आता पेलवत नाही. गिऱ्हाईक मिळालंय, पण त्याला मोकळी जमीन हवी.
लग्न होऊन पुण्याहून जपानला आले ती थेट याच घरात. इथे सासूबाईंनी मला तांदूळ धुवायला शिकवलं, मी त्यांना फोडणी द्यायला. भांडी घासताना खूप रडले.

१२ नोव्हेंबर
म्हटलं, पाडायचंच तर लवकर उरकून टाका, रोज जीव तुटायला नको. मासाहिरो दचकलाच! "नव्या वर्षाच्या आधी? वेडी आहेस का?"
मग घरपट्टीचं शास्त्र ऐकवलं. इथे सगळं एक जानेवारीवर. त्या दिवशी जमिनीवर राहतं घर उभं असेल, तर त्या वर्षाची जमिनीची पट्टी सवलतीत. नसेल तर कैक पट! मग दोन तारखेला पाडलं तरी कुणी विचारत नाही. वीस वर्षं इथे काढली, पत्ता नव्हता. पुण्यात पट्टी बाबा भरायचे, इथे हा.

२३ नोव्हेंबर
ओकासानना भेटले. पहिलाच प्रश्न – "शोगात्सुला घरी नेशील ना, देवयानी?" नव्या वर्षाचा सण त्यांना घरीच हवा. गेल्या वेळी तापामुळे राहिला.
"नेईन की!" म्हटलं. आणि पुढे जीभ घसरली – "छताची डागडुजी चाललीय, सामान हलवलेलं दिसेल हं."
त्या जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो का."
मासाहिरो म्हणतो, खरं सांगायचं नाही, खचतील. म्हणजे मूग गिळून बसायचं. मला नाही जमत हे.

१४ डिसेंबर
सामान काढतेय. इथे टाकायच्या वस्तूंचेही वार ठरलेले – भांडी एका वारी, कपडे दुसऱ्या, कपाटाला पालिकेचं पैसे भरून घेतलेलं स्टिकर. आयुष्यसुद्धा वर्गवारी करून बाहेर ठेवायचं! फडताळात माझा पुण्याहून आणलेला तवा सापडला, ओकासाननी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे जागच्या जागी आहेत. फिरलो आम्ही.

२९ डिसेंबर
तीन गाद्या आणि ओकासानचं पाय शेकायचं बुटकं टेबल त्या घरात परत नेऊन ठेवलं. मासाहिरोही उचलू लागला.

१ जानेवारी
आणलं त्यांना. मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांचं, सूप केलं, गोड घेवडा केला. कपाटांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन – त्यांनी एक शब्द विचारला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तेवढी ओढून पाहिली. ती कायमच अडते. अडली.
"अजून अडते!" म्हणून केवढ्या हसल्या! मासाहिरो उठून अंगणात गेला. छताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आजची रात्र सगळे इथेच झोपणार.

२ जानेवारी
त्यांना आश्रमात सोडलं. गाडीतून उतरताना माझा हात धरला, हळूच म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं घर पाडलं ना, तेव्हा मीही त्यांना शोगात्सुला घरी नेलं होतं. मीही छताचंच सांगितलं होतं."