सरी म्हणणारं यंत्र

"टोपण लाव, ती गोष्ट संपली," असं तुम्ही म्हणाला होतात, अण्णा. जयनगरचं आपलं स्वयंपाकघर, टेबलावर उप्पिटाची बशी आणि तिच्या शेजारी माझी दहा पानं. मी सोळा वर्षांची होते आणि तुमच्या कादंबरीचं पुढचं लिहून आणलं होतं. तुम्ही सगळी पानं शांतपणे वाचलीत, एकही खूण न करता टेबलावर आपटून सारखी केलीत आणि परत दिलीत. मग खिशातलं हिरवं पेन काढून माझ्यापुढे ठेवलंत. लिही म्हणालात, पण दुसरं काहीतरी. मी रागानं लगेच पेन उघडलं आणि पहिल्याच पानावर टेकवलं, तेव्हाचं ते वाक्य. आता तीस वर्षांनी मी ते पुढचं लिहिलं आहे. छापूनही आलं आहे.

तुमची कादंबरी एवढीशी. पाणी नसलेला ग्रह, तिथली माणसांची वस्ती आणि पंपघर सांभाळणारं एक यंत्र, जे प्रत्येक हुकमाला एकच शब्द बोलतं: सरी. शेवटच्या पानावर सगळी माणसं निघून गेली आहेत, हुकूम द्यायला कुणी नाही, आणि यंत्र आपण होऊन एकदाच म्हणतं, सरी. कारखान्यात तुमच्या हाताखालचे कानडी लोक दिवसभर म्हणायचे तो हा शब्द. रिक्षावाला म्हणायचा, कोपऱ्यावरची भाजीवाली अक्का म्हणायची. बरं, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही तर बेळगावकडचे. आईनं मीठ संपलंय म्हटलं तरी तुमचं उत्तर सरी. तो कानडी आहे, मराठीत तो वेगळा वाचला जाईल, हे लिहिताना तुमच्या डोक्यातच आलं नाही. पुण्या-सोलापूरकडच्या वाचकांनी तो सरळ पावसाच्या सरी म्हणून वाचला. कोरड्या ग्रहावरचं यंत्र जन्मभर पावसाचं नाव घेत राहतं, असं त्यांना वाटलं. एका गृहस्थांनी चार पानी पत्र लिहून कळवलं होतं की शेवटची ओळ वाचून आपण उठलो आणि नुसतेच अंगणात जाऊन उभे राहिलो. अण्णा, त्यांना खरं कळवा ना, असं मी म्हटलं, तर तुम्ही खो खो हसलात. "त्यांना पाऊस ऐकू आलाय. आपण छत्री घेऊन कशाला जायचं?"

मी छत्री घेऊन गेले. तुम्ही गेल्यानंतर पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला, वाचक इतकी वर्षं थांबलेत, आता पाऊस पाडा, हे तुमच्या रक्तातच आहे. माझे चार कथासंग्रह आहेत, अण्णा, आणि त्यांपैकी एकाबद्दलही कुणी मला कधी फोन केलेला नाही. मी हो म्हटलं. माझ्या पुस्तकात ते यंत्र दीड पान भाषण करतं. आपल्या एकटेपणाबद्दल बोलतं. शेवटी आभाळ भरून येतं आणि ते हात वर करून ओरडतं, "आल्या, सरी आल्या!" तुमच्या यंत्राला हातच नव्हते. मुखपृष्ठावर डबडबलेल्या डोळ्यांचा एक यंत्रमानव भिजत उभा आहे, आणि कव्हर इतकं गुळगुळीत आहे की हाताला तेल लागल्यासारखं वाटतं. प्रतींचं खोकं तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलंय. त्याचा वास आला की मी तांदूळ न काढताच मागे फिरते. वाचकांनी काही हातचं राखलेलं नाही. आता पहिलं पुस्तकसुद्धा उघडवत नाही, असं एका बाईंनी कळवलं, आणि ते वाचून मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं, कुणीतरी खरं बोललं म्हणून. किळस आहे ती त्या शेवटच्या प्रकरणाची. कारण सगळ्या पुस्तकात तेवढंच मी आनंदानं लिहिलं. लिहिताना रडले देखील.

मागच्या रविवारी राजाजीनगरच्या मराठी मंडळात पुस्तकावर बोलायला गेले होते. कार्यक्रम संपता संपता मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. लातूरची, नोकरीसाठी मारतहळ्ळीला राहणारी. तिच्या हातात तुमची कादंबरी होती, पाठीला खाकी कागद डकवलेली. ती म्हणाली, इथे आल्यावर पहिल्याच दिवशी रिक्षावाला सरी म्हणाला आणि तिला तुमच्या शब्दाचा अर्थ कळला. ती रिक्षात बसून एकटीच हसली होती.

"तरी मला अजून पाऊसच ऐकू येतो, ताई," ती म्हणाली. "तो पडत नाही म्हणून तर मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. तुम्ही पाडलात कशाला?"

सभागृहात सगळे माझ्याकडे बघत होते. मला पाडावासा वाटला, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, अण्णांनाच पाडायचा होता. त्यांच्या हस्तलिखितात शेवटच्या पानावर तसं टिपण आहे. असं कुठलंही टिपण नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिचा चेहरा पार पडला. तुमच्यावर तिनं शंका घेतली नाही, स्वतःवरच घेतली. म्हणजे मीच इतकी वर्षं चुकीचं वाचत होते, असं पुटपुटली. मग हळूच विचारलं, ते पान बघायला मिळेल का. मी हो म्हटलं. उद्या सकाळी ती घरी येणार आहे.

तुमची वही माझ्यासमोर आहे. शेवटच्या ओळीखाली बोटभर जागा मोकळी आहे. छापखान्यात द्यायची प्रत तेव्हा मीच उतरवून दिली होती, म्हणून तुमचं अक्षर मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. दुपारी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे तुमचा स गिरवून पाहिला. वरची रेघ तुम्ही थोडी पुढे न्यायचात, तशीच नेली. चौथ्या खेपेला इतका जमला की मलाच ओळखता येईना, आणि अण्णा, मी खूश झाले. पत्रिका फाडून टाकली, मग हात साबणानं धुतले, आणि पुन्हा येऊन इथेच बसले.

एकच ओळ. पाऊस पाडायचा आहे, एवढीच. तुम्ही साऱ्या जगाला सरी म्हणत आलात, दूधवाल्याला, पाहुण्यांना, कारखान्यातल्या साहेबांना. मला आज एकदा म्हणा. हिरवं पेन उघडं आहे, आणि तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, तरी एकदा सरी म्हणा.