माल्टेच्या वाढदिवसाची कॅसेट

ऑर्हूस, १७ सप्टेंबर २०१३

प्रिय गुद्रूनताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा बरा असेल, आणि मांजर नेहमीसारखंच उद्धट असेल, असं धरून चालतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे पत्र शेजारच्या लोणेबाईंकडून वाचून घेऊ नकोस. भिंग घे, खिडकीशी बस. वेळ लागला तर लागू दे.

तुझा टोमणा पोचला : ‘केल्ड, यंत्र निवडतोयस की बायको? बायको तर तीन आठवड्यांत निवडली होतीस.’ खरं आहे, आणि ती निवड कशी निघाली तेही तुला ठाऊक आहे. म्हणूनच या खेपेला मार्चपासून विचार चाललाय.

जुनी व्हिडिओ कॅसेट चालवायला पहिलं यंत्र आणलं ते सुपरमार्केटातलं. एका बाजूनं कॅसेट घाला, दुसरीकडून चकती काढा. पण चित्र असं थरथरायचं की माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. ही उपमा खोडायला हवी होती. माफ कर.

दुसरं स्टुडिओतलं जुनं धूड, चित्र स्थिर करणारी सोय पोटातच असलेलं. त्याचे रबरी रूळ दगडासारखे झालेले. फीत चावून खाल्ली असती. तिसरं एका बंद पडलेल्या शाळेचं. ते प्रेबेननं उघडून, पुसून, चालतं केलं. प्रेबेन माझ्याच गल्लीतला, चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करून निवृत्त झालेला. मी संस्कृत शिकवायचो म्हणून मला ‘मास्तर’ म्हणतो. बुरशी लागलेली फीत तो चांगल्या यंत्रात घालू देत नाही. आधी एका भंगार यंत्रातून फिरवून पुसायची.

“एक यंत्र बळी द्यायचं, मास्तर.”

“फारच वैदिक पद्धत.”

“ते वैदिक-बिदिक तुमचं तुम्ही बघा. माझा रविवार जातो.”

मग त्यानं कॅसेट उजेडाकडे धरली. “ही चिकटपट्टी कुणी लावली?”

“कुठली?”

“ही काय, कडेला. मुद्दाम लावल्याशिवाय लागत नाही ही.”

मी म्हटलं, कॉफी घेणार का? तो म्हणाला, “कॉफी माझ्या हातातच आहे.”

ताई, डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांना नाताळापर्यंतची मुदत दिली, तेव्हा तू एकच मागितलंस : माझ्या माल्टेला एकदा चालता-बोलता बघायचंय. वीस वर्षं तू ती कॅसेट मागितली नव्हतीस. मी दर हिवाळ्यात देवाचे आभार मानायचो, माझा देवावर विश्वास नसताना.

त्याचा सहावा वाढदिवस मे ९२ मधला. कॅमेरा विद्यापीठाचा, म्हणून कॅसेट माझ्याकडे यायची होती; प्रत काढून देणार होतो. मी न्यायला आलो तेव्हा तू चमच्याच्या दांड्यानं कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलास, म्हणजे तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. म्हणालीस, “आता हा कायमचा सहा वर्षांचा.”

जूनमध्ये आपला फुटबॉल संघ युरोपच्या अंतिम सामन्यात पोचला. सगळा देश वेडा झालेला. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद. लेबलावर तुझं अक्षर होतं. मी ते वाचलं. मनात म्हटलं, पोरगा सात वर्षांचा होईलच की, तेव्हा पुन्हा काढू. आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावून सामना तिच्यावर रेकॉर्ड केला.

जानेवारीत माल्टेच्या पायाखाली तळ्यावरचा बर्फ फुटला.

आपण तो सामना जिंकलो. मी तो पुन्हा कधीच पाहिला नाही.

गेल्या महिन्यात तुला एक पत्र लिहिलं होतं : बुरशीनं सगळं खाल्लं, इलाज नाही. चांगलं जमलं होतं. जुन्या पोथ्यांत पान गेलेलं असलं की आम्ही ‘अत्र त्रुटितम्’ असं लिहितो आणि वाळवीच्या नावावर मोकळे होतो. हे पान वाळवीनं खाल्लेलं नाही. ते पत्र फाडलं.

सामना संपल्यावर शेवटी वाढदिवसाची अकरा मिनिटं उरली आहेत. मी लवकर निघालो होतो, कॅमेरा फळीवर तसाच चालू. टेबल दिसतं, अर्धा केक, तू कप गोळा करतेयस. त्याचा चेहरा नाही. एकदा हात येतो आणि केकवरचे छोटे झेंडे एकेक उपटून नेतो. आवाज मात्र स्वच्छ आहे : “मामा गेला? न सांगता?” तू म्हणतेस, “येईल रे. त्याला कुठे दुसरं घर आहे.”

यंत्र निवडायला सहा महिने लागत नाहीत, ताई. तुझे डोळे जायची मी वाट बघत होतो की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीनं यंत्र घेऊन येतोय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर ठेवून जाईन. लोणेबाईंचा मुलगा तारा जोडून देईल. चिकटपट्टी काढलेली नाही. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, तुझ्या भिंगातून दिसेल.

न सांगता निघून गेलेला,
केल्ड