चाक आपल्याकडे फिरवायचं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायचं इतकंच. कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल चोळतेस की बाटली नुसती खिडकीत मांडून ठेवली आहेस? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तुला खोटं लिहिणं मला जमत नाही. इकडे मी सोडून सर्व ठीक आहे. मला जबर धक्का बसला आहे. फोनच केला असता, पण ही शेजारी बसलेली असते, आणि काही गोष्टी बायकोच्या देखत बहिणीला सांगता येत नाहीत.

तुझ्या भाचीने रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत वर्षभर नोकरी केली आणि आता तिला स्वतःच्या कमाईची मोटारसायकल हवी आहे, हे तुला ठाऊक आहेच. साधी नव्हे. शर्यतीत असते तसली, पुढे चोच आणि मागे विंचवाची नांगी. तू निरोप धाडलास की असलं वाहन घरात येता कामा नये, आणि मी तुला शब्द दिला की नाही म्हणेन. पण पोरगी माझ्याच दुकानात वाढली आहे. ती म्हणाली, "बाबा, दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या शिलाई मशीनवर दोन वीत शिवण मारल्याशिवाय तुम्ही तिला नावं ठेवत नाही. मग माझ्या गाडीला न बसताच का?" ताई, तीस वर्षांचा नियम आहे माझा. आता तो मोडू कसा? म्हटलं, बसतो, गल्लीला एक वळसा घालतो आणि मग रीतसर नाही म्हणतो.

काल सकाळी आम्ही तिघं गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथे सगळीकडे काच. माणूस कुठून आत येतो आणि कुठे आपटतो ते कळत नाही (मी एकदा आपटलो). विकणारा तरुण गळ्यात टाय बांधलेला, अतिशय नम्र. त्याने मला दुकानातलं हेल्मेट घातलं. आत आधीच्या पाचपन्नास डोक्यांचा वास. मग गाडीवर चढायचं. आपल्या स्कूटरवर माणूस बसतो. या गाडीवर पालथा पडतो. पोट टाकीवर, हनुवटी काचेवर, आणि उरलेलं शरीर मागे साऱ्या जगाला दिसेल असं उंच. ही म्हणाली, "अहो, काही हरवलंय का खाली?" दुकानाच्या नियमाप्रमाणे तो टायवाला माझ्या मागे बसला. मी सवयीप्रमाणे डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. (क्लच सोडण्याआधी डोळे उघडले होते. टायवाला काहीही सांगो.)

टायरच्या दुकानापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे एक हातगाडी आडवी आली आणि मी घाबरलो. आता माझी अडचण समजून घे. मशीनचा दोरा गुंतला, सुई अडकली, की पाय काढायचा आणि उजव्या हाताने चाक अलगद आपल्याकडे फिरवायचं. सगळं मोकळं होतं. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलं आहे की झोपेतही माझा उजवा हात तेवढंच करतो. आणि या गाडीचा वेग, ताई, उजव्याच हाताच्या मुठीत आहे आणि ती आपल्याकडेच फिरवली की वाढतो.

हातगाडी कुठून गेली ते मला माहीत नाही. ती होती, मग नव्हती. मी आणखी घाबरलो, म्हणून आणखी आपल्याकडे फिरवलं. पाण्याच्या टाकीपाशी वळायचं होतं. टाकी उजवीकडून निघून गेली. मागून टायवाल्याने मला अशी मिठी मारली की तेवढी माझ्या सख्ख्या मुलीनेही कधी मारली नाही. "काका, हळू! काका, पुढे फिरवा, पुढे! काका, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे हो!" शेवटी त्यानेच हात लांब करून माझी मूठ पुढे ढकलली. गाडी शहाण्यासारखी हळू झाली. तोवर आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो होतो. समोर चिटपाखरू नव्हतं.

इथवरचं मी हिला सांगितलं आहे. पुढचं फक्त तुला.

गावात मूठ फिरवली ती सवयीने. त्या मोकळ्या रस्त्यावर मी ती मुद्दाम फिरवली.

मला स्वतःचंच नवल वाटलं. आणि मग हेल्मेटमध्ये कुणीतरी मोठ्याने ओरडलं. मला वाटलं, टायवाला. पण तो डोळे मिटून गप्प होता. ओरडत होतो मी, आणि देवाचंच नाव घेत होतो! नाव घेताना ज्याचे ओठसुद्धा हलत नाहीत तो मी. रोज पहाटे जपाला पाटावर बसतो, तर दोन मिनिटांत मन दुकानात जातं, कुणाची बॉबिन द्यायची राहिली ते आठवतं. काल त्या रस्त्यावर एकही बॉबिन आठवली नाही. आत नुसतं ते नाव आणि बाहेर वारा. ताई, मी हादरलो तो वेगाने नव्हे. इतकी वर्षं पाटावर जे लाभलं नाही ते असल्या नांगीवाल्या यंत्रावर लाभावं, म्हणजे आता देवाला मी काय तोंड दाखवू? (तसा आवाज मी आयुष्यात आधी एकदाच ऐकला आहे. कुठे, ते खाली लिहितो.)

परत आलो तेव्हा ही काचेच्या दाराशी पांढरीफटक उभी होती. म्हणाली, "गल्लीला वळसा घालायला पाऊण तास?" लेक माझ्या तोंडाकडे एकटक पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, शिवण कशी आली?" मी हेल्मेटचा पट्टा सोडवत बसलो. टाय आता पाठीवर गेलेला तो टायवाला खाली फरशीवर बसून पाणी पीत होता.

असो. तुला शब्द दिलाच आहे. रविवारी तिला उत्तर द्यायचं आहे, तेव्हा नाहीच म्हणेन. आपल्या घरात शेवटचा शब्द तुझा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. शनिवारपर्यंत तुझा वेगळा निरोप आला तर मी अर्थातच तो मोडणार नाही.

ता. क. तो आवाज. मी आठ वर्षांचा होतो, तू सतराची. शाळेमागच्या उतारावर मला कॅरिअरवर बसवून तू सायकल चालवताना दोन्ही हात सोडलेस आणि ओरडलीस. खाली काटेरी कुंपणात पडल्यावर आईला सांगायचं नाही म्हणून मला देवाची शपथ घातलीस. एक्केचाळीस वर्षं मी ती पाळली आहे. परवा तुझी भाची विचारत होती, आत्या लहानपणी कशी होती? मी म्हटलं, आठवून सांगतो. रविवारी.

ता. क. निरोप आलाच, तर पाठोपाठ तूही ये. मागची जागा जरा उंच आहे, पण मी हळू नेईन. गुडघ्याला तेल लावत जा आणि पदर घट्ट खोचून ये.