दुसऱ्यासाठी भरलेली काडतुसं

शुक्र. १४ नोव्हें. ०८, अबूधाबी
बू सईदांच्या पाच गोळ्या आज एकाच भोकात. काडतुसं मी भरलेली. क्लबचा हा म्हातारा मेंबर खूश होऊन निशाण्याचा पेपर दाखवायला आला. "रफीक, तुम बनाता, हम मारता. अच्छा." अच्छा कसलं. सहा वर्षं या क्लबात मेंबरांची काडतुसं भरतोय, एकही स्वतः उडवलेलं नाही. स्टाफने फायर करायचं नाही, मॅनेजरचा नियम. पुण्यात राज्य पातळीवर नेमबाजीचं मेडल घेतलेला माणूस मी.

बुध. ३ डिसें.
काडतुसांची दारू तोलायची तर एसी बंद ठेवावा लागतो, झुळकीने तराजू हलतो. दोन तास घामाघूम. घरी नीला म्हणाली, "लोकांना जेवू घालून स्वतः उपाशी राहणारा आचारी तू." हसलो. झोंबलं.

रवि. ८ फेब्रु. ०९
मंदी आमच्याकडेही. मेंबर घटले. मॅनेजरला आज काढलं. मी एप्रिलअखेरपर्यंत, मग खलास. वाईट वाटायला हवं. पण गाडीत एकच विचार, आता नियम कोण दाखवणार? लाज वाटली, पण इथे खोटं कशाला लिहू.

मंगळ. १० मार्च
बू सईदांना विचारलंच, मला एकदा फायर करता येईल का. तीन दिवस वाक्य जुळवत होतो.
"छह साल बोला क्यों नहीं? जुम्मा को आओ. राइफल मेरा."
नी.ने न सांगता शर्टला इस्त्री केली.

गुरु. १२
दहा भरली. डबीवर मेंबरचं नाव लिहायची सवय. आज माझं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

शुक्र. १३
आडवा झालो, राइफलचा पट्टा दंडावर आवळला, श्वास अर्धा सोडला. सगळं अंगात होतं तसंच होतं. फक्त नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी दिसेना. पुसट, दोन-दोन. वाचायला चष्मा लागून दोन वर्षं झाली, पण त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. पाच गोळ्या पेपरभर. उरलेल्या पाच बू सईदांनी मारल्या, नेमबाजीचा खास चष्मा लावून. एक भोक.
"चश्मा बनाओ, हबीबी. अगला जुम्मा फिर."
सहा वर्षं मॅनेजरला शिव्या घातल्या. त्यातली शेवटची काही वर्षं तरी आड तो नव्हता, माझे डोळे होते.

शनि. १४
नी.ने आज विचारलं, कसं झालं?
"काडतुसं एक नंबर निघाली."
"आणि तू?"
कोथिंबीर आणायला खाली गेलो. ग्रोसरीशेजारी चष्म्याचं दुकान आहे. बाहेर बराच वेळ उभा होतो. पुन्हा नेम धरावासा फार वाटतंय. त्या चष्म्यातूनही पेपरभरच गेल्या तर मग दोष द्यायला कुणाचं नाव घेणार? बू सईदांना अजून हो म्हटलेलं नाही.