उत्तरेची जांभळं

१२ नोव्हें., उमरोळी
पुन्हा तीच पानं. शिरा हिरव्या, मधलं सगळं उकडल्यासारखं पांढुरकं, कडा करपलेल्या. नवं पान लहानच राहतं, वर जाड. विडा करायला दुमडलं की मोडतं. नागवेलीचं पान मोडतं असं बाबांना सांगितलं असतं, तर त्यांनी माझंच डोकं तपासलं असतं.

१५ नोव्हें.
धाकटा भाऊ वसंता पानमळा फिरून आला. "दादा, वेलांना हवा नाय मिळत. उत्तरंची जांभळं दाटलीत, काढून टाकू."
वेल पिवळा पडला की सावली विरळ करायची, ही आमची पिढीजात रीत. जांभळाची झाडंही रोगटच. पानांवर तांबूस ठिपके, राखेसारखा थर, पुसून जात नाही. तोडायला माणसं सांगितली.

१९ नोव्हें.
बाबांनी लावलेली रांग आडवी झाली. मळ्यात लख्ख उजेड. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता ओट्यावरून थेट बोईसरच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. सौ. म्हणाली, "घ्या, आता रोज उठून त्यांचंच तोंड बघा."

२७ नोव्हें.
पहाटे उत्तरेचा वारा. घसा आंबट, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. उजाडल्यावर बघतो तर आतल्या ओळी, ज्या आजवर धडधाकट होत्या... शेंडे काळे. वसंता बांधावर बसून राहिला. त्याला काय बोलणार? होकार माझा होता.

२८ नोव्हें.
मनूला फोन. लेक वनस्पतिशास्त्र शिकलेली, कल्याणला दिली आहे. म्हणाली, "बाबा, पान खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. कारखान्यांचा वायू तिथूनच शिरतो आणि आतून जाळतो. जांभळं उगाच रोगट नव्हती. मळ्याच्या वाटचं ती घेत होती."
संध्याकाळी खुंटांपाशी गेलो. फार वेळ उभं राहवेना.

४ डिसें.
मनू बाळंतपणाला येणार. सौ.ला म्हटलं, या खेपेला तिकडंच होऊ दे. भडकली. "पयलं बाळंतपण म्हायेरीच. आयबापाला लेक जड झाली म्हणतील." खोली सारवून तयार. उत्तरेची. आमच्या सगळ्या बाळंतिणी तिथंच. खिडकी जांभळांकडे उघडते. उघडायची.

९ डिसें.
दारातल्या तुळशीची पानंही शिरांमध्ये पांढरी. दुपारी बघतो तर सौ.नं कुंडी मागच्या अंगणात नेलेली. भीती वाटते, एवढंच लिहितो.

१४ डिसें.
मनू आली. दिवस भरत आलेत, डॉक्टरीणबाईंनी आता प्रवास बंद सांगितलाय. चपला काढून आधी मळ्यात गेली. एक पान तोडलं, उलटं करून उन्हात धरलं. पान ओटीत टाकून घरात गेली.
दिवेलागणीला खोलीत डोकावलो. जुनं लुगडं फाडून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबत होती. सौ. हसली, "अगो, अजून बाळंत कुठं झालीस? आतापासूनच वारा लागंल म्हणून भितेस?"
मनू हसली नाही. "मला नाही गं," म्हणाली आणि पोटावर हात ठेवला.
मीही चिंध्या फाडू लागलो.

१५ डिसें.
पहाटे वारा सुटला. ओट्यावर आलो. जिभेवर तीच चव. मागं वळलो, तर मनू दारात उभी, पदर नाकाला लावून.