डाव्या बुटातला थर

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
भटक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. जेवणाच्या सुट्टीत जहाजाच्या पोटात बसून वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. फुटबॉल क्लबवाले आपल्या भिंगरीचे बूट मागतायत, काचेच्या पेटीत ठेवणार, खाली पितळेची पाटी लावणार, आणि बाबा हो म्हणाले! मुकादमाने माझं तोंड बघून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, धाकटा भाऊ. सात महिन्यांपूर्वीच गेलाय, पण लोकांचं अजून समाधान होत नाहीये.

ताई, ते बूट द्यायचे नाहीत. का, ते सांगतो. भिंगरीचा डावा पाय बोटभर आखूड, हे आपल्या चौघांपलीकडे कुणाला माहीत होतं? बाबांनी बुटाच्या आत चामड्याचा थर असा बसवला की बाहेरून दोन्ही बूट जुळे भाऊ. सामना संपल्यावर सगळी टीम नळाखाली पाय धुवायची आणि हा मात्र बूट घालूनच घरी. पोरं चिडवायची की भिंगरीचं लग्न बुटांशीच लागलंय. क्लबला कळलं तर काढून टाकतील म्हणून आपण सगळेच गप्प. तो डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुटायचा तेव्हा बाबा बघायचे त्याच्या पायाकडे नाही, स्वतःच्या शिलाईकडे.

महिन्यापूर्वी इथे गोदीत एक रंगारी लागला. जहाजाला रंग मारतो, एका हाताला तीनच बोटं. मी वेल्डिंग करताना शिट्टी वाजवत होतो तर येऊन म्हणाला की अशी मध्येच तुटणारी शिट्टी त्याच्या तुकडीतला एक पोरगा वाजवायचा, खेळाडू होता. ताई, तशी शिट्टी माझ्याकडून एकटा भिंगरीच शिकला होता.

त्याने जे सांगितलं ते ऐक. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी सगळी टीम एकदम भरतीला नेली होती ना, पलटणीची टीम करतील, युद्धात पण फुटबॉलच खेळाल असं सांगून? त्यांना सहा महिन्यांत एकही चेंडू दिसला नाही, फावडी दिसली. आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता, बूट काढा. तर सेक्रेटरीसाहेब हसून म्हणाले, अहो, हा आमचा डावा विंगर, वाऱ्यासारखा पळतो, ह्याचे पाय काय तपासता? डॉक्टरने न बघताच 'पात्र' लिहिलं. एक बूट काढला असता तर पोरगा संध्याकाळी घरी असता. हे भिंगरीने स्वतः रंगाऱ्याला सांगितलं होतं, हसत हसत.

आणि आता तोच बूट काचेत ठेवणार! बाबांना हे वाचून दाखव.

हात भाजलाय, म्हणून अक्षर असं. काळजी करू नको. दुरून का होईना, पाठीवर तुझा हात असू दे.

तुझा,
भटक्या


ता. १३ फेब्रुवारी

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू चिडलास की तुझं अक्षर कागदाबाहेर पळतं. दोनदा वाचावं लागलं. हाताला काय लावलंस ते लिही, नुसतं काळजी करू नको लिहून भागत नाही.

तुझं पत्र आलं की बाबा मला शिलाईचं मशीन थांबवायला लावतात, आरी खाली ठेवतात आणि चष्मा लावून बसतात. वाचता येत नाही, तरी चष्मा लागतो. मी तुझा हात भाजल्याचं वाचलं, मुकादमाचं वाचलं. बाकीचं गाळलं. रागाव हवं तर. तू तिकडे संतापून हातोडा आपटशील आणि तुझा संताप उतरेल. मला ह्याच खोलीत त्यांच्यासमोर बसून वरचं चामडं शिवायचं आहे.

त्यांची अवस्था तुला ठाऊक नाही. लष्कराचं ते पत्र आठवतं ना, साथीदारांना सुखरूप माघार घेता यावी म्हणून तो शेवटपर्यंत मागे थांबला? ते बाबांना तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेताना म्हणून दाखवतात. सेक्रेटरीसाहेब ते पत्रही पेटीत ठेवणार आहेत. मार्चच्या पहिल्या रविवारी कार्यक्रम आहे, भरतीचे तेच डॉक्टरसाहेब पाहुणे. बाबा रोज सकाळी ते बूट पुसतात. आपल्या हातची शिलाई काचेत राहणार म्हणतात. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कशाचं तरी बरं वाटतंय, ते मी कसं काढून घेऊ?

एक मात्र तुला कधी लिहिलं नव्हतं. भिंगरीने शेवटच्या पत्रात चामड्याचा थर मागवला होता, डाव्या पायाचा. बाबांनी लाकडी फर्म्यावर जुना बूट चढवून बरोबर तसाच कापला आणि पार्सल केलं. तो गेल्याची तार आल्यानंतर दहा दिवसांनी ते पार्सल परत आलं, न उघडलेलं. बाबांनी फर्म्यांच्या कपाटातल्या खालच्या खणात ठेवलंय. त्या खणाला आता कुणी हात लावत नाही.

पुढचं पत्र शांतपणे लिही. आणि जेवत जा. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शांतपणे लिहायला सांगतेस. तीन कागद फाडले, हा चौथा.

त्या पार्सलचं वाचल्यावर रंगाऱ्याला गाठलं आणि म्हटलं, जे लपवतोयस ते पण सांग. तो नको नको म्हणत होता. शेवटी बोलला.

तिकडे सगळ्यांना एकाच साच्यातले सरकारी बूट. आतमध्ये थर नाही. भिंगरी दुसऱ्याच दिवशी लंगडायला लागला. तुकडीच्या नाईकाला वाटलं, सोंग करतोय. भिंगरीने पुठ्ठा कापून बुटात घातला, तो भिजून लगदा झाला. मग पांघरुणाची कड कापून घातली, तर सरकारी मालाची नासधूस केली म्हणून आठ दिवस पाठीवर ओझं घेऊन पळवलं. त्याच पायावर पळवलं, ताई! ज्या पायाला बाबा हातात घेऊन माप घ्यायचे!

आणि ती माघार. कुणी कुणासाठी मागे थांबलं नव्हतं. ट्रक सुटले, सगळे पळाले. भिंगरी पोचू शकला नाही. रंगारी शेवटच्या ट्रकवर होता, त्याने हात पुढे केला होता. चार पावलं कमी पडली, म्हणतो. त्याच हाताची बोटं नंतर गेली, पण तो त्यांच्याविषयी बोलत नाही, चार पावलांविषयीच बोलतो. संपूर्ण मैदान ज्याच्या मागे पळायचं तो पोरगा ट्रक गाठू शकला नाही, आणि ह्यांनी त्याचं शौर्य करून पाठवलं! सही, शिक्का, सगळं झकास!

आता माझं. भरतीच्या आधी भिंगरीने मला पत्र टाकलं होतं की तपासणीत पाय दाखवू का? मी उत्तर दिलं, वेडा आहेस का, सगळी टीम बघेल, उद्या क्लब काढून टाकेल, युद्ध काय दोन महिन्यांत संपेल. बूट काढू नकोस. ताई, हे मीच लिहिलं. मला इथे गोदीच्या कामामुळे भरतीतून सूट, आणि मी इथून शहाणपण शिकवलं. सेक्रेटरीला शिव्या घालतो तेव्हा निम्म्या माझ्याच अंगावर येतात.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. एक ओळ गाळू नकोस, माझी तर मुळीच नाही. नंतर ते माझं नाव काढायचं नाही म्हणाले तरी चालेल. पण खोट्या कागदाशेजारी तो बूट राहू देऊ नकोस.

काय लिहून संपवावं ते सुचत नाही.

भटक्या


ता. ८ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचलं. सगळं. मागच्या वेळी गाळलेलं पण, तुझं पण.

बाबांनी फक्त पुठ्ठ्याचं परत वाचायला लावलं. मग विचारलं की पुठ्ठा साधा होता की जाड. मला काय माहीत? त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी चामडं, दोरा, मेण एवढंच बोलले.

रविवारी कोट घालून निघाले, बूट फडक्यात गुंडाळून. मला वाटलं, द्यायला निघाले. क्लबच्या हॉलमध्ये सेक्रेटरीसाहेबांचं अर्धा तास भाषण झालं. मग बाबांनी फडकं सोडलं. उजवा बूट चकचकीत. डाव्याचा तळवा त्यांनी रापीच्या पात्याने टाचेपासून बोटांपर्यंत उघडून ठेवला होता, आतले थर पानांसारखे मोकळे. शेजारी परत आलेलं ते पार्सल, शिक्क्यासकट.

सेक्रेटरीसाहेब घाईने म्हणाले की बूट उसवलाय, कुणाकडून तरी शिवून घेऊ. बाबा म्हणाले, शिवता मलाही येतं. कुणाला दिसू नये म्हणून सात वर्षं शिवला, आता दिसला पाहिजे. मग पहिल्या रांगेतल्या डॉक्टरसाहेबांच्या मांडीवर तो बूट ठेवला आणि म्हणाले, तेव्हा राहिलं होतं, आता तपासा. डॉक्टरसाहेबांना हात कुठे ठेवावा ते कळेना.

भिंतीजवळ क्लबची नवी सहा पोरं उभी होती, सोमवारी भरतीला जाणारी. बाबा त्यांच्यासमोर गेले. बूट काढा, म्हणाले, कुणी नको म्हटलं तरी काढा, मी म्हटलं तरी काढा. पोरांनी तिथेच काढले. सेक्रेटरीसाहेब बाबांचा दंड धरायला पुढे आले, तेव्हा पोरं अनवाणीच मध्ये उभी राहिली, आणि बाबांनी तो उघडा बूट लष्कराच्या पत्राशेजारी पेटीत ठेवला. सोमवारी त्यांतली दोघं घरी परत आली.

तुझ्याविषयी काय म्हणाले, तेच तू शोधत असशील. काल जेवताना म्हणाले की बूट काढू नकोस हे पोराला मी सात वर्षं शिकवलं, भटक्याने एकदा लिहिलं. मग हात धुऊन आल्यावर म्हणाले, त्याला सांग, कागदावर उभा राहून दोन्ही पाय पेन्सिलीने आखून पाठव. मोजे काढून. त्याचं माप माझ्याकडे पोरवयातलं आहे.

तेवढं लगेच पाठव. आणि रंगाऱ्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई


ता. १७ मार्च

ती. ताईस,
तुला आणि बाबांना सा. न. वि. वि.

सोबत तीन कागद आहेत. दोन माझ्या पायांचे. रंगाऱ्याने आखले, माझे पाय काही स्थिर राहत नव्हते. म्हणाला, असा हलणारा माणूस बिनकामाचा, जहाज बरं.

तिसरा कागद त्याचा. बूट, पुठ्ठा, शिक्षा, ट्रक, चार पावलं, सगळं त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. खाली त्याची सही आणि तीन बोटांचे ठसे. लष्कराचं पत्र पेटीत आहे ना, त्याच्याच शेजारी हा लावायचा. सेक्रेटरीसाहेब नाही म्हणाले तर त्यांना सांग, लिहिणारा येतोय. मुकादमाने रजा दिली नाही, मी घेतली.

बाबांना एवढंच सांग की जोडा तयार झाला की घरीच ठेवा, पार्सल करू नका. पार्सलं परत येतात. मी घालायलाच येतो.

तुमचा,
भटक्या