तुमच्या टपरीसमोरचं आमचं हॉटेल

अम्मा, तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. आणि तुम्ही जाऊनही आता तीसेक वर्षं झाली. तेव्हा हे पत्र मी कोणासाठी लिहिते आहे, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात माझ्या भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, डोसा तू कोणाकडून शिकलीस गं?" मी नेहमीसारखं म्हणाले, "नागपूरला एक क्लास केला होता." इतकी वर्षं हेच सांगत आले, त्यामुळे जीभ अडखळली नाही. पण फोन ठेवला आणि मग काही सुचेना. असा कुठला क्लास नव्हता, हे माहीत असलेलं एकही माणूस आता उरलेलं नाही. म्हणून वही घेतली.

तुम्ही वरठीला आलात तेव्हा कारखान्याचं बांधकाम सुरू होऊन वर्ष झालं असेल. त्याआधी स्टेशनबाहेर खायचं म्हणजे आमचंच हॉटेल. हॉटेल कसलं, टिनाचं छप्पर, चार बाकं, काचेच्या कपाटात आलूबोंडे आणि मोठ्या गंजात लालभडक तर्री. सकाळी पोह्यांवर तर्री ओतली की गिऱ्हाईक खूश. भंडाऱ्याला जाणारे, तुमसरकडून आलेले, गाडी चुकलेले, सगळे आमच्याकडे बसायचे. मग कामासाठी देशभरातून माणसं आली आणि बघता बघता रेल्वे फाटकापासून कारखान्याच्या गेटपर्यंतचा रस्ता ओळखू येईनासा झाला. ट्रकवाल्यांसाठी एका सरदारजीने ढाबा टाकला, तिथे खाटेवर बसून जाड रोट्या आणि तडका मारलेली डाळ खायची. वेल्डिंग करणाऱ्या बिहारी माणसांसाठी एकाने गोवऱ्यांवर लिट्टी भाजायला घेतली. एका बंगाली मिस्त्रीच्या बायकोने घराच्या ओट्यावर मासे-भात सुरू केला. केरळचा एक माणूस तांदळाचं पीठ बांबूच्या नळीत वाफवायचा आणि काळ्या चण्यांसोबत द्यायचा. मोहाडीच्या एका कोष्टी कुटुंबाने सावजी मटण सुरू केलं. त्या रश्शाने लोकांच्या नाका-डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ते दुसरी वाटी मागायचे.

बाबांना या सगळ्याची धास्ती वाटायला हवी होती. त्यांना मजाच वाटायची. रविवारी दुपारी हॉटेल आईवर सोपवून ते मला घेऊन निघायचे आणि दर रविवारी आम्ही वेगळ्या ठिकाणी जेवायचो. लिट्टीचा चटका बसला तरी हसायचे. "पाय बरं, एवढ्याशा रस्त्यावर सारा मुलूख येऊन बसला," म्हणायचे. मी म्हणायचे, "बाबा, आपलं गिऱ्हाईक चाललं ना तिकडं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "जाऊ दे. ज्याले त्याच्या मायच्या हातचं पाह्यजे तो तिकडं जाईन. ज्याले आपलं पाह्यजे तो आपल्याकडं येईन." मला हे भोळेपणाचं वाटायचं. आता माझं वय त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मला ते भोळेपणाचं वाटत नाही.

तुमची टपरी आमच्या बरोबर समोर. तुमचे यजमान ठेकेदाराकडे लोखंड बांधायचं काम करायचे. ते तापाने गेले आणि तुम्ही गावी न परतता एक तवा, इडलीचं भांडं आणि दगडी रगडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसलात. तुम्ही आंध्रातल्या, पण आमच्याकडे सगळे मद्रासीच. आईने पहिल्या दिवशी तुम्हाला वाटीभर अंबाडीची भाजी दिली. तुम्ही एक घास खाल्ला आणि आईकडे बघतच राहिलात. तुमच्याकडेही अंबाडी होती, फक्त नाव वेगळं. त्या दिवसापासून आमच्या परसातली अर्धी अंबाडी तुमच्याकडे जायची आणि तिची तिखटजाळ चटणी होऊन वाटी परत यायची. डोशाला इथला कुठला तांदूळ चालेल हे तुम्हाला कळत नव्हतं. बाबांनी गिरणीतून चार तऱ्हेचे तांदूळ आणून तुमच्यापुढे ओंजळ ओंजळ मांडले. तुम्ही एकेक दाणा दाताखाली धरून बघितला आणि उसन्या, म्हणजे उकड्या तांदळावर बोट ठेवलं.

मी एकोणीस वर्षांची होते. भंडाऱ्याचं कॉलेज अर्धवट सोडून घरी बसले होते आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं. काय ते ठाऊक नव्हतं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा मी रस्ता ओलांडून तुमच्याकडे यायचे. मी 'शिकवा' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तुम्हीच एक दिवस रगड्याजवळ सरकून जागा केलीत. अजून दिसतं मला. तुम्ही मेथीचे दाणे मोजायला हात पुढे करता, तळहातावर बसतील तेवढेच. मी भिजलेलं पीठ चमच्याने कालवायला जाते आणि तुम्ही चमचा काढून घेता. "चमचा नको, पिल्ला. हाथ से मिलाव. हाथ का गर्मी लगता है." पिल्ला म्हणजे तुमच्या भाषेत पोरगी. मला वाटायचं, आपलं पिल्लूच ते. माझे पहिले कितीतरी डोसे तव्याला चिकटून फाटले. तुम्ही ते स्वतः खाल्लेत, एकही फेकला नाही. "घाई करती तू. पहले पानी मारो. पानी नाचा तो डालो. नहीं नाचा तो रुको." पाऊस संपून थंडी लागेपर्यंत, चार महिने मी रोज येत होते. एवढं मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

त्या थंडीत कारखान्याची कॉलनी भरायला लागली. साहेब लोकांची कुटुंबं आली. त्या बायका संध्याकाळी फिरायला निघायच्या, तुमच्या तव्याचा वास आला की थबकायच्या, पण बहुतेकजणी रस्त्यावरच्या दगडावर बसून खायला लाजायच्या. माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं. मी बाबांना म्हटलं, आपल्याकडे खुर्च्या-टेबल आणू, पंखा लावू, आणि सगळंच ठेवू, डोसा, डाळ, नूडल्स. बाबा चहा गाळत होते. वर न बघता म्हणाले, "सारंच ठेवलं त समोरच्या बाईनं काय करावं? अन् सरदारजीनं?" मी म्हटलं, "तो विचार आपण कायले करायचा?" त्यांनी कपात चहा ओतला. विषय संपला असं त्यांना वाटलं.

पौषात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेले आणि काकांकडे तीन आठवडे राहिले. तेवढ्यात मी सगळं उरकलं. आईला पटवलं. सुतार आला, खुर्च्या आल्या, नवा तवा आला आणि रंगाऱ्याकडून मी पाटी लिहून घेतली, 'येथे स्पेशल मद्रासी डोसा मिळेल.' ज्या दिवशी तवा पेटवला त्या दिवशी सकाळीच तुम्ही रस्ता ओलांडून आलात. स्वच्छ लुगडं नेसला होतात, केसांत अबोली होती. मला वाटलं आता तुम्ही भांडणार, आणि त्यासाठी मी दोन-चार उत्तरंही तयार ठेवली होती. तुम्ही पाटीकडे बोट करून विचारलंत, "क्या लिखा है?" मी वाचून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत, खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "एक लाव."

मी लावला. चांगला निघाला. तुम्ही तो सावकाश खाल्लात, शेवटच्या तुकड्यापर्यंत. आई आतल्या दारात उभी होती. मग उठून तुम्ही माझ्या पिठाच्या भांड्याशी आलात, पळीने पीठ वर उचलून धार सोडून बघितलीत. "थोडा पतला कर, पिल्ला. बीच में मोटा रहता." एवढंच. आणि पुन्हा रस्ता ओलांडून गेलात. मी तयार ठेवलेलं एकही उत्तर लागलं नाही. भांडला असतात तर मी आयुष्यभर तुमच्यावर राग धरून निवांत राहिले असते.

बाबा परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. टांग्यातून उतरता उतरता त्यांना वासानेच कळलं. त्यांनी माझ्यावर तोवर कधी 'अगं' म्हणूनही आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "तुले तिनं शिकवलं, अन् तू तिच्याच समोर तवा मांडला? काहून?" मी म्हटलं, "बाबा, धंदा आहे हा." ते म्हणाले, "धंदा मी बी केला पोरी. चोरी नाही केली." मग काठी टेकत तुमच्याकडे आले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर आईला म्हणाले, "ते म्हणते, पोरीले राहू द्या, तिचं वय हाये." आणि आतल्या खोलीत जाऊन झोपून राहिले. त्यानंतर रविवारचं ते फिरणं बंद झालं. मी एकदा म्हटलं, बाबा, चला ना सावजीकडे. ते म्हणाले, "भूक नाही."

उन्हाळ्यापर्यंत तुमची टपरी टिकली. आधी कॉलनीतली गिऱ्हाइकं गेली, मग कामगारही बसायला खुर्ची बघू लागले. चिखल्याला मँगनीजच्या खाणीत तुमच्या गावाकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्या आधाराने तुम्ही तिकडे गेलात. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी भर दुपारी काउंटरखाली वाकून उगाच बरण्या पुसत बसले. तुम्ही आईचा निरोप घेतलात. मला हाक मारलीत की नाही, ते मला खरंच माहीत नाही. मी नळ सोडून ठेवला होता.

आमचं हॉटेल चाललं, अम्मा. खोटं कशाला सांगू. मी सरदारजीची डाळ शिकले, नूडल्स ठेवले, छोले ठेवले. मला बघून बाकीच्यांनीही तेच केलं. बांधकाम संपलं, माणसं पांगली, लिट्टीवाला गेला, केरळचा माणूस गेला, बंगाली बाईचा ओटा रिकामा झाला. उरले त्या सगळ्यांकडे सगळं मिळायला लागलं आणि सगळीकडे एकच चव लागायला लागली. बाबा वर्षातून दोनदा-तीनदा एस.टी.ने तुमसरमार्गे चिखल्याला यायचे, हे तुम्हाला माहीतच आहे. परत आले की मी त्यांच्याभोवती घुटमळायचे. "कशा आहेत?" "मजेत हाये. खाणीवाल्या बाया येऊन बसते तिच्याजवळ." "माझं काही विचारलं?" "विचारलं ना. डोसा अजून मधात जाड राह्यते काय, म्हणे." ते हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही.

एकदा तुमसरला लग्नाला गेले होते. स्टँडवर चिखल्याची गाडी लागली होती, मी चढले, खिडकीशी बसलेसुद्धा. कंडक्टर आला तशी उतरून गेले. पुढच्या वेळी येईन म्हटलं. पुढच्या वर्षी बाबा एकटेच जाऊन लवकर परत आले, अंगणात चपला काढल्या आणि म्हणाले, "बाई गेली. महिना झाला." मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. थांबले असते तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

हे सगळं बाबांना माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं, आणि मला वाटतं तुम्ही दोघांनी ते माफही केलं होतं. पण एक गोष्ट दोघांनाही माहीत नव्हती. मी तवा मांडल्यावर पहिल्याच आठवड्यात कॉलनीतली एक बाई डोसा खायला आली. तुमच्या टपरीकडे बघत तिने मला विचारलं, "तिथलं पाणी कसं असतं हो? आम्ही मुलांना घेऊन जायचो." मी फडक्याने टेबल पुसत होते. मी म्हटलं, "काय माहीत बाई, मी कधी पाहिलं नाही." तिने ते आणखी चौघींना सांगितलं असणार, कारण त्यानंतर कॉलनीतलं कोणी तुमच्याकडे फिरकलं नाही. पाणी आमच्याच विहिरीचं होतं, अम्मा. रोज सकाळी मीच दोर धरून तुमची घागर भरून द्यायचे.